आडत दुकानातल्या तीन कॉम्प्युटरसाठी कोणता अँटिव्हायरस घ्यावा?

लातूरच्या मोंढ्यात आडत, तीन कॉम्प्युटर, टॅलीत हिशेब. तर कोणता अँटिव्हायरस घेऊ, असं विचारलंय तुम्ही. मी याच भागात आडतवाल्यांची मशीनं सांभाळतो. माझं मत विचाराल तर विंडोज ओरिजिनल असेल अन् अपडेट होत असेल तर त्यासोबतच येणारा डिफेंडर हा अँटिव्हायरस पुरे. त्या पैशात दोन एक्स्टर्नल हार्डडिस्क घ्या.

सध्या भीती रॅन्समवेअरची, म्हणजे फाइली कुलूपबंद करून त्या सोडवायला पैसे मागणाऱ्या व्हायरसची. ऐन सोयाबीनच्या सीझनमध्ये एका दुकानात सकाळी टॅली उघडली, तर कंपनीच (टॅलीतलं दुकानाच्या हिशेबाचं खातं) दिसेना. फोल्डरमधल्या एकूण एक फाइलच्या नावापुढं भलतंच शेपूट आणि डेस्कटॉपवर पैसे मागणारी चिठ्ठी. बॅकअप रोज व्हायचा, पण ती हार्डडिस्क चोवीस तास मशीनलाच लावलेली, म्हणून तीसुद्धा गेली. मुनीमजींनी पट्ट्यांच्या (मालाच्या हिशेबाच्या पावत्यांच्या) कार्बन कॉप्या काढून नोंदी पुन्हा घातल्या.

शिरलं कुठून? मालकाला घरून टॅली बघता यावी म्हणून कुणीतरी राउटरवर रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट, म्हणजे बाहेरून मशीन चालवायचं दार, उघडं सोडलेलं, अन् पासवर्ड म्हणजे दुकानाचं नाव. अशी पोर्टं हुडकत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात; दुकान छोटं आहे, आपल्याकडं कोण येतंय, हे त्यांना लागू नाही. तुमचं असेल तर आजच बंद करा. घरून बघायचंच असेल तर व्हीपीएनमधून, म्हणजे नेटवरच्या खासगी बंदिस्त वाटेनं.

क्रॅक, म्हणजे चोरीचं, सॉफ्टवेअर टाकणारा पोरगा ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ म्हणाला की त्याला चहा पाजून वाटेला लावा. अपडेटचा कंटाळाही नको. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरनं जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलेली होती. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून तुमचं विंडोज कोणतं तेवढं तपासून घ्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर चलन किंवा लग्नपत्रिका म्हणून येणारी एपीके फाइल (अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप टाकणारी) बँकेचे ओटीपी येतात त्या फोनवर तर उघडूच नये.

हार्डडिस्क आलटून पालटून वापरा. बॅकअप झाला की काढायची, एक कायम घरी. महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून एखादी जुनी पट्टी निघते का बघा.

घात झालाच तर आधी नेटची वायर उपसा, वायफाय बंद करा. घाईनं फॉरमॅट मारू नका. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन आणि बँकेलाही.