ऑफिसच्या इंग्रजीत 'ओन्ली', 'काइंडली', 'हार्डली' नेमके बसवायचे कुठे?

तुमच्या मॅनेजरने मेलचा मसुदा लाल खुणा करून परत पाठवला, खाली 'ॲडव्हर्ब नीट वापरा', म्हणजे क्रियाविशेषणं नीट वापरा, एवढंच लिहिलं आणि चुकलं काय ते सांगितलंच नाही, असं तुम्ही म्हणता. तुम्ही दिलेली तीन वाक्यं अशी: 'आय सेंट द इनव्हॉइस यस्टरडे ओन्ली', 'वुई विल डिलिव्हर द ऑर्डर टाइमली' आणि 'प्लीज काइंडली कन्फर्म अर्जंटली'. ती वाचून हसू आलं, कारण परदेशी ग्राहकांशी मेलवर बोलायला लागले तेव्हा मीही हुबेहूब हेच लिहायचे.

पहिलं वाक्य घेते, कारण खरी गंमत तिथे आहे. 'यस्टरडे ओन्ली' म्हणजे आपलं 'कालच'. मराठीत 'च' शब्दाला मागून चिकटतो, म्हणून 'ओन्ली'सुद्धा आपण मागे नेऊन चिकटवतो. पण 'च' दोन कामं करतो. 'मला चहाच हवा' यात तो बाकीचं सगळं वगळतो. 'अहो, कालच पाठवलं' यात तो काही वगळत नाही, नुसता जोर देतो. इंग्रजी 'ओन्ली'ला पहिलंच काम येतं. त्यामुळे इनव्हॉइसच्या वाक्यात तो लागतच नाही. 'आय सेंट द इनव्हॉइस यस्टरडे', संपलं. फारच जोर हवा असेल तर 'जस्ट यस्टरडे' म्हणा.

वगळण्यासाठी 'ओन्ली' हवा असेल, तर आधी ते वाक्य मनात मराठीत म्हणा आणि 'च' कुठे लागतो ते बघा. इंग्रजीत 'ओन्ली' त्या शब्दाच्या लगेच आधी ठेवायचा. 'ओन्ली द मॅनेजर अप्रूव्ह्ड द डिस्काउंट' म्हणजे मॅनेजरनेच सवलत मंजूर केली. 'द मॅनेजर अप्रूव्ह्ड ओन्ली द डिस्काउंट' म्हणजे सवलतच मंजूर केली, बाकीच्या मागण्या नाही. आणि 'द मॅनेजर ओन्ली अप्रूव्ह्ड द डिस्काउंट'? बोलताना इंग्रज माणूस बहुतेक वेळा असंच म्हणतो आणि कोणत्या शब्दावर आवाज चढवला त्यावरून ऐकणाऱ्याला अर्थ कळतो. मेलला आवाज नसतो. तिथे 'नुसती मंजुरी दिली, पुढे काही केलं नाही' असाही अर्थ निघतो, आणि पैशांच्या मेलमध्ये असा फाटा महागात पडतो. 'ऑल्सो'चं दुखणंही याच जातीचं, फक्त तिथे 'च'च्या जागी 'ही' किंवा 'सुद्धा'.

क्रियाविशेषणाची पोच कुठपर्यंत, यावर कोर्टात वाद झालेत. 2009 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे 'नोइंगली', म्हणजे जाणूनबुजून, या एका शब्दावरून खटला आला होता. काही ठराविक गुन्हे करताना दुसऱ्या व्यक्तीची ओळख जाणूनबुजून वापरणाऱ्याला दोन वर्षांची जादा शिक्षा, असा कायदा. आरोपीने नोकरीसाठी खोटे ओळख क्रमांक दिले होते आणि ते खऱ्या माणसांचे निघाले. आता 'जाणूनबुजून' फक्त वापरण्याला लागू, की 'तो क्रमांक दुसऱ्या कुणाचा आहे' हेही माहीत असायला हवं? न्यायालयाने सांगितलं, तेही माहीत असायला हवं. आपल्या मेलवर कुणी खटला भरणार नाही, पण करारात हा शब्द दिसला की मी अजून दोनदा वाचते.

आता 'टाइमली'. शेवटी 'ली' आहे म्हणून ते क्रियाविशेषण वाटतं, पण आजच्या इंग्रजीत ते विशेषण आहे. 'टाइमली डिलिव्हरी' चालेल, 'डिलिव्हर टाइमली' नाही. तिथे सरळ 'ऑन टाइम' लिहा. 'फ्रेंडली' आणि 'कॉस्टली' यांचंही तसंच. उलट 'हार्ड', 'फास्ट', 'लेट' हे 'ली' न लावताच क्रियाविशेषणं होतात आणि त्यांतल्या काहींना 'ली' लावलं की अर्थच फिरतो. हे मी पुरतं भोगलंय. एका मोठ्या प्रस्तावासोबत मी अभिमानाने लिहिलं होतं, 'अवर टीम हॅज हार्डली वर्क्ड ऑन धिस'. म्हणायचं होतं टीमने खूप कष्ट घेतले, आणि कळवलं काय, तर टीमने यावर जेमतेमच काम केलं! ग्राहकाचं उत्तर सभ्य होतं, 'थँक यू फॉर युअर ऑनेस्टी'. तसंच 'लेट' म्हणजे उशिरा, 'लेटली' म्हणजे अलीकडे.

असं होतं, कारण मराठीत विशेषण आणि क्रियाविशेषण यांची रूपं वेगळी ठेवायची सवय आपल्याला नाही. 'ती चांगली मुलगी आहे' आणि 'ती चांगली लिहिते', दोन्हीकडे 'चांगली'च. म्हणून 'शी राइट्स गुड' हातून सहज निघून जातं. तिथे 'वेल' हवं. मात्र हे कळल्यावर सगळीकडे 'वेल' ठोकू नका. 'द प्रपोजल लुक्स गुड' बरोबर आहे, कारण 'गुड' तिथे प्रस्तावाबद्दल सांगतंय, बघण्याच्या क्रियेबद्दल नाही.

जागेचा आणखी एक नियम: वरच्या 'ओन्ली'सारखा कर्मालाच लागणारा शब्द सोडला, तर क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये कुणाला घुसू देऊ नका. 'वुई रिसीव्ह्ड यस्टरडे युअर पेमेंट' कानाला खटकतं, 'यस्टरडे' शेवटी न्या. सहाय्यक क्रियापद असेल तर 'ऑलरेडी'सारखे शब्द त्याच्या लगेच नंतर: 'वुई हॅव ऑलरेडी पेड'.

तिसऱ्या वाक्यात 'प्लीज' आणि 'काइंडली' दोन्ही आहेत. एक पुरे, आणि ठेवायचंच तर 'प्लीज' ठेवा. 'काइंडली' आपल्याला नम्र वाटतं, पण ब्रिटिश-अमेरिकन कानांना ते बरेचदा जुनाट किंवा दटावणीचं लागतं. सुराचा हा प्रश्न इतरही शब्दांत येतो. 'ॲज आय क्लिअरली मेन्शन्ड' यातल्या 'क्लिअरली'ने समोरच्याला मूर्ख ठरवलं जातं. 'ॲक्च्युअली'ने वाक्य सुरू केलं की 'तुमचं चुकतंय' असा वास येतो. मी तर मेल पाठवण्याआधी 'ऑब्व्हियसली' शोधून काढून टाकते, दरवेळी.

'अर्जंटली' चूक नाही, पण पोकळ आहे. तुमचं अर्जंट म्हणजे तासाभरात, त्यांचं म्हणजे या आठवड्यात. वार आणि वेळ लिहा. 'बायवीकली' तर हद्दच: त्याचा अर्थ आठवड्यातून दोनदा असाही होतो आणि दोन आठवड्यांतून एकदा असाही. 'क्वाइट'चंही भान ठेवा. 'क्वाइट गुड' अमेरिकन माणूस वाचेल तर खूश होईल, ब्रिटिश वाचेल तर बहुधा 'बरंय' एवढंच समजेल.

तर तुमचा मसुदा मी असा केला असता: 'आय सेंट द इनव्हॉइस यस्टरडे. वुई विल डिलिव्हर द ऑर्डर ऑन टाइम. प्लीज कन्फर्म बाय थर्सडे नून.' तिसऱ्या वाक्यातला वार आणि वेळ तेवढी तुमची टाका.