नाशिकहून अलिबागला पाच जण जातोय, डिकी पुरत नाही. रूफ बॉक्स (टपावर बसवायची बंद पेटी) घ्यावा की मागे जोडायचा ट्रेलर?

तीन-चार बॅगांसाठी ट्रेलर नकोच. त्याला हुक, दिव्यांचं वायरिंग, वेगळी नोंदणी लागते. कसारा घाट उतरताना ब्रेकवर ताण येतो तो वेगळाच. रूफ बॉक्स घ्या, पण आधी गाडीच्या मॅन्युअलमध्ये टपाची वजनमर्यादा बघा. समजा ती 50 किलो आहे, तर 15 किलोचा बॉक्स आणि 5 किलोचे आडवे बार वजा जाता सामानाला 30 किलोच उरतात. म्हणून वर कपडे, अंथरुणं. तांदूळ, पाण्याचे कॅन डिकीतच. जड सामान वर गेलं की वळणावर गाडी झुकते. घोटीला चहाला थांबाल तेव्हा बॉक्स धरून ठेवणारे क्लॅम्प हाताने हलवून बघा, नवे बसवलेले सैल होऊ शकतात. बॉक्ससकट गाडीची उंची मोजून ठेवा. तळघरातल्या पार्किंगला बॉक्स अडकतो.