बुर्किनाबे, वेद्राओगो आणि विजयाचा वारू

प्रश्न असा आला आहे: "फुटबॉलच्या बातम्यांत बुर्किना फासोच्या खेळाडूंना कुठे 'बुर्किनी' म्हणतात, कुठे 'बुर्किनियन', तर कुठे 'बुर्किनाबे'. मराठीत यातलं काय लिहावं? आणि त्यांच्या संघाला 'स्टॅलियन्स' का म्हणतात?"

पहिल्या भागाचं उत्तर एका शब्दाचं आहे. बुर्किनाबे. 'बुर्किनी' हा पोहण्याचा पोशाख, 'बुरखा' आणि 'बिकिनी' या दोन शब्दांचा सांधा करून ऑस्ट्रेलियात घडवलेला शब्द. पश्चिम आफ्रिकेतल्या देशाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. 'बुर्किनियन' हे इंग्रजीच्या साच्यातून काढलेलं रूप. आणि मथळ्यात जागा वाचवायला नुसतं 'फासोचा पराभव' लिहिणं तर सर्वांत वाईट, कारण हे नाव म्हणजे नाव-आडनावाची जोडी नव्हे. इतक्या विचाराने घडवलेली देशाची नावं जगात फार थोडी आहेत, म्हणून ते असं मोडलेलं पाहिलं की राग येतो.

४ ऑगस्ट १९८४ पर्यंत हा देश 'अपर व्होल्टा' होता. व्होल्टा नदीच्या वरच्या अंगाचा मुलूख, एवढाच त्याचा अर्थ. फ्रेंचांनी १९१९ मध्ये ही वसाहत आखली, १९३२ मध्ये मोडून शेजारच्या वसाहतींत वाटून टाकली, १९४७ मध्ये पुन्हा जोडली. १९६० मध्ये स्वातंत्र्य आलं, नाव तेच राहिलं. ते बदललं तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष तोमा सांकारा याने. महाराष्ट्राहून थोडा लहान, समुद्रकिनारा नसलेला, सहा देशांनी वेढलेला आणि साठेक भाषा बोलणारा हा देश. सांकाराने त्यातल्या तीन मोठ्या भाषांमधून नाव जुळवलं. 'बुर्किना' मोरे भाषेतला. त्याचा अर्थ 'प्रामाणिक' असा छापतात, तो तोकडा आहे. लाच न घेणारा माणूस प्रामाणिक असतो, पण बुर्किना म्हणजे ताठ मानेने जगणारा, शब्दाला जागणारा, सचोटीचा माणूस. 'फासो' द्युला भाषेतला: 'फा' म्हणजे बाप, 'सो' म्हणजे घर. बापाचं घर, म्हणून मायदेश. बोबो-द्युलासो या तिथल्या दुसऱ्या मोठ्या शहराच्या नावात हाच 'सो' बसलेला आहे. आणि 'बुर्किनाबे'मधला 'बे' फुलफुल्दे भाषेतला, माणसांच्या समूहाला लागणारा प्रत्यय. फुलानी लोक स्वतःला 'फुल्बे' म्हणतात, त्यातला 'बे' हाच.

त्यामुळे एक बुर्किनाबे, अकरा बुर्किनाबे. रूप बदलत नाही. फ्रेंच कोशांत याला शेवटी 'एस' जोडून अनेकवचन केलेलं सापडतं, ते मला मुळीच मान्य नाही. जो प्रत्यय मुळातच अनेकवचनी आहे, त्याच्यावर दुसऱ्या भाषेचं अनेकवचन चढवायचं म्हणजे ज्यांचा शब्द त्यांनाच व्याकरण शिकवणं झालं. मराठीत विभक्ती खुशाल लावा: बुर्किनाबेंनी, बुर्किनाबेंचा. 'बे'ला हात लावू नका.

आता घोड्याकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे.

संघाचं फ्रेंच टोपणनाव 'लेझेतालों'. 'एतालों' म्हणजे न खच्ची केलेला नर घोडा. घोडा चपळ, बलवान, म्हणून नाव दिलं असेल, असं म्हणून बहुतेक जण थांबतात. हा घोडा ठरावीक आहे, आणि त्याच्या पाठीवर एक राजकन्या आहे. मोरे बोलणाऱ्या मोसी लोकांच्या परंपरेत ती कथा अशी: आजच्या उत्तर घानातल्या दागोंबा राजाची मुलगी येनेंगा उत्तम लढवय्यी होती. अशी योद्धी गमवायला नको म्हणून बाप तिचं लग्न होऊ देईना. शेवटी ती आपल्या घोड्यावर बसून निघून गेली. रानात तिला रियाले नावाचा शिकारी भेटला. दोघांना मुलगा झाला, आणि ज्या घोड्याने तिला तिथवर आणलं त्याच्या मानाखातर तिने मुलाचं नाव ठेवलं वेद्राओगो. 'वेद' हे मोरे भाषेत घोड्याचं मूळ रूप, 'राओगो' म्हणजे नर. (आपल्या वेदाशी याचं नातं जोडायला कुणी धावू नये.) मोसी राज्यांची वंशावळ या मुलापासून सुरू होते, आणि आज त्या देशात सर्वांत जास्त आढळणारं आडनाव हेच आहे. रोमन स्पेलिंग अक्षरशः वाचून आपल्याकडे त्याचं 'ओउएड्राओगो' करतात. उच्चार 'वेद्राओगो'च्या जवळचा आहे, तेच लिहावं.

हा घोडा देशात सगळीकडे आहे. राजचिन्हात दोन पांढरे घोडे ढाल धरून उभे आहेत. राजधानी वागादुगूच्या फेस्पाको चित्रपट महोत्सवातला सर्वोच्च पुरस्कार 'येनेंगाचा घोडा' या नावाचा. दर शुक्रवारी सकाळी मोसी राजाच्या, म्हणजे मोरो नाबाच्या, वाड्यासमोर खोगीर घातलेला घोडा आणतात आणि राजा न निघताच खोगीर उतरवतात.

मग मराठीत 'एतालों'ला काय म्हणावं? 'घोडे' फिकं पडतं. 'वळू' बैलाला शोभतो. माझं मत पक्कं आहे: वारू. आपल्या क्रीडापानांवर 'विजयाचा वारू रोखला' हे इतकं घासून वापरलेलं आहे की त्यात घोडा आहे हेही वाचणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. तो अश्वमेधाचा घोडा आहे, अडवला की युद्ध. आणि 'वाऱ्यासारखा धावतो म्हणून वारू' ही व्युत्पत्ती कृपया पुढे पाठवू नका. जुन्या कन्नडात 'वारुव' म्हणजे घोडा, तेलुगूत 'वारुवमु' म्हणजे घोडा. शेजारी दोन भाषांत तोच शब्द त्याच अर्थाने नांदत असताना वाऱ्यावर भिस्त ठेवायची गरज काय? आपला वारू त्याच तबेल्यातला आहे, असं मी मानतो. संस्कृतबाहेर पाहायचंच नाही असं ठरवून बसलेल्यांना हे रुचत नाही, पण त्यांनी 'वारुव'चं उत्तर द्यावं.

बुर्किनाबे वारूंची सर्वांत मोठी दौड २०१३ ची. दक्षिण आफ्रिकेत झालेल्या आफ्रिका करंडकाच्या उपांत्य फेरीत त्यांनी पेनल्टींवर घानाला हरवलं. येनेंगा जिथून निघाली त्या मुलुखाचा देश तो हाच! अंतिम सामन्यात नायजेरियाच्या संडे एम्बाच्या एका गोलने वारू रोखला गेला, ०-१. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू मात्र त्यांचा जोनाथन पित्रोइपा ठरला. त्याआधी १९९८ मध्ये यजमान असताना चौथा क्रमांक, पुढे २०१७ मध्ये तिसरा. विश्वचषकाचं दार अजून उघडलेलं नाही. २०१४ च्या पात्रता फेरीत अल्जीरियाला ३-२ हरवूनही परतीच्या सामन्यात ०-१ झालं आणि परक्या मैदानावरच्या गोलच्या नियमाने ते बाहेर पडले.

आडनावांचंच निघालं म्हणून आणखी एक. जर्मनीच्या लेव्हरकुसेन क्लबच्या बचावफळीत खेळणारा बुर्किनाबे एदमों तापसोबा, २०२३-२४ मध्ये एकही सामना न हरता बुंडेसलिगा जिंकणाऱ्या संघातला. मोसी राज्यांत 'तापसोबा' हे युद्धप्रमुखाचं पद होतं. 'सोबा' म्हणजे धनी. भूमीचा धनी तो 'तेंगसोबा'. बचावपटूला याहून चांगलं आडनाव मिळणार नाही. बुर्किनाबे संघातल्याच बर्ट्रां ट्राओरेचं आडनाव मात्र मांदे लोकांचं आहे, त्याचा अर्थ मोरे भाषेत शोधू नये.