परदेशातल्या खाणी आणि सोलापूरचा पैसा : प्रश्नोत्तरे

प्रश्न : कॅनडात नोंदलेल्या एका कंपनीची झांबियात तांब्याची खाण आहे. साठा प्रचंड आहे म्हणतात. तिच्या शेअरमध्ये पाच लाख घालावेत का? (टॉवेल कारखानदार, अक्कलकोट रोड एमआयडीसी)

उत्तर : साठ्याचा आकडा नंतर, आधी परवाना बघा. जगातलं जवळपास एक टक्का तांबं एकट्या ‘कोब्रे पनामा’ खाणीतून निघत होतं. तिच्या १९९७च्या कराराचा कायदा पनामाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच घटनाबाह्य ठरवला होता, म्हणजे धोका उघड कागदावर होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये नवा करार मंजूर झाला, लोक रस्त्यावर उतरले आणि २८ नोव्हेंबरला न्यायालयाने तोही मोडीत काढला. खाण चालवणाऱ्या कॅनडाच्या ‘फर्स्ट क्वांटम’ कंपनीचा शेअर महिनाभरात निम्म्याहून खाली आला. खाणीतलं तांबं होतं तेवढंच होतं.

तुमच्या कंपनीचा ‘एनआय ४३-१०१’ या कॅनडाच्या खाण-माहिती नियमानुसारचा तांत्रिक अहवाल ‘सेडार प्लस’ या संकेतस्थळावर फुकट मिळतो. परवाना कधी संपतो, त्यावर दावा चालू आहे का, हे आधी वाचा. मग ‘सिद्ध’ आणि ‘संभाव्य’ साठा किती ते बघा. मोठा आकडा ‘अनुमानित’ खनिजावर उभा असेल तर सोडून द्या. तिथे ड्रिलिंगची भोकं लांब लांब असतात, मधलं सगळं अंदाजाने धरलेलं असतं.

माल बंदरावर कसा जातो तेही पाहा. झांबियाच्या तांबेपट्ट्यातून पश्चिमेला अंगोलातल्या लोबितो बंदराकडे जाणाऱ्या रेल्वेला अमेरिका आणि युरोपचं पाठबळ आहे. पूर्वेला दार-ए-सलामला जाणारी १,८६० किलोमीटरची ताझारा रेल्वे १९७०च्या दशकात चीनने बांधून दिली. ही चढाओढ खाणीच्या वाहतूकखर्चापर्यंत पोचते. पाच लाख ही सुताच्या खरेदीची रक्कम असेल, तर एक रुपयाही घालू नका.

प्रश्न : ऐन हंगामात डीएपी खत मिळत नाही. दुकानदार चीनचं नाव सांगतो. खरं काय? (डाळिंब बागायतदार, सांगोला)

उत्तर : दुकानदार खरं सांगतोय. चीनने ऑक्टोबर २०२१ पासून फॉस्फेट खतांच्या निर्यातीला लगाम घातला. जगातल्या फॉस्फेट खडकाचा बहुतांश साठा मोरोक्कोकडे आहे. म्हणून आपल्याकडच्या चंबल फर्टिलायझर्स आणि टाटा केमिकल्सनी तिथल्या ओसीपी या सरकारी फॉस्फेट कंपनीबरोबर ‘इमासिड’ या फॉस्फोरिक आम्लाच्या कारखान्यात भागीदारी केली.

तोवर बागेचं अडू देऊ नका. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असतं. १६ टक्क्यांच्या सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्या आणि २० किलो युरिया दिला की हिशेब जवळपास जुळतो, वर गंधक आणि कॅल्शियमही मिळतं. माती परीक्षणात स्फुरद भरपूर निघालं, तर तेही कमी करा.

प्रश्न : परदेशी शेअर घ्यायला पैसे कसे पाठवायचे? (नोकरदार, होटगी रोड)

उत्तर : बँकेत पॅन आणि ‘ए-२’ अर्ज द्या. एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, बँक घेते. तो आयकरात वळता होतो. चूक होते ती विवरणपत्रात. परदेशी मालमत्तेच्या ‘एफए’ तक्त्यात वर्ष जानेवारी ते डिसेंबर धरतात. त्यामुळे फेब्रुवारीत घेतलेला शेअर त्या तक्त्यात पुढच्या वर्षीच्या विवरणपत्रात येतो.