ब्रिटिश काळातली झाडा-पक्ष्यांची चित्रं इंग्रजांनीच काढली का?

तुम्ही विचारलंय, की कंपनी सरकारच्या काळातली पक्ष्यांची आणि झाडांची ती देखणी चित्रं साहेब लोक स्वतः काढायचे का. काही जण काढायचेही, पण भारतातली पुष्कळशी चित्रं आपल्या चित्रकारांच्या हातची आहेत. मी स्वतः झाडांची चित्रं काढते, त्यामुळे या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय राहवलं नाही.

कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश एलिजा इम्पी यांच्या पत्नी मेरी यांनी घरी पशुपक्षी पाळले होते. १७७७ पासून पुढची पाच-सहा वर्षं त्यांची चित्रं काढली ती शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास यांनी. तिघंही पाटण्याकडचे, मुघल शैलीत हात बसलेले. चित्रं झाली तीनशेहून जास्त. त्यांवरून लंडनमध्ये पक्षीशास्त्रज्ञ जॉन लॅथम यांनी पक्ष्यांची वर्णनं लिहिली.

झैनुद्दीन यांचा १७७७ सालचा काकाकुवा जरूर बघा. सीताफळाच्या फांदीवर बसलेला पांढराशुभ्र पक्षी, आणि मागे कोरा कागद. पांढऱ्यावर पांढरं काढणं म्हणजे काय, हे मला तगरीचं फूल काढताना कळलं. कडेला रेघ ओढली की पाकळी पत्र्यासारखी दिसते. न ओढावी, तर फूल कागदात विरून जातं. शेवटी फिकट राखाडी छटेचे चार हात दिले, प्रत्येक हात वाळू देऊन, तेव्हा कुठे एक पाकळी उठून आली. झैनुद्दीन यांनी तर अख्खा पक्षी, पिसापिसानिशी, असा उभा केलाय!

या तिघांची नावं निदान चित्रांवर राहिली. आपल्या पुण्याजवळच्या दापोडीचं तसं झालं नाही. तिथे १८२८ मध्ये सरकारी वनस्पती उद्यान सुरू झालं. पुढे उद्यानाचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी तिथल्या झाडांची दीडशेहून जास्त चित्रं काढून घेतली, साधारण १८४७ ते १८५० या काळात. आज ती एडिनबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, एवढीच नोंद आहे. नाव कुणीच लिहून ठेवलं नाही. पानाची शीरन् शीर टिपणारा माणूस, आणि त्याला हाक मारायला आपल्याकडे नाव नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तेव्हा असं चित्र दिसलं, की संग्रह कुणाचा हे वाचून थांबू नका. मोठं करून खालची बाजू बघा. झैनुद्दीन यांचं नाव तिथे फारसी लिपीत सापडतं.