वाचकांचे प्रश्न : एकरात वीस प्लॉट बसतात कसे?

नाशिकच्या उपनगरांतील घरे, प्लॉट आणि विकास आराखडा यांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी घेतली आहेत. पहिले उत्तर लांबले आहे, कारण त्याच आशयाची पत्रे सर्वांत जास्त होती.

प्रश्न : गिरणारे रस्त्याच्या बाजूला, महापालिकेच्या हद्दीबाहेर, दोन गुंठ्यांचा प्लॉट पाहिला आहे. एजंट म्हणतात की जागा ‘येलो झोन’मध्ये (रहिवासी विभागात) आहे, एनए (बिनशेती) करावे लागत नाही, खरेदीखत होईल आणि सातबाऱ्यावर नावही लागेल. निवृत्तीच्या पैशांतून घर बांधायचे आहे. व्यवहार करावा का? — एक वाचक, म्हसरूळ

एजंटांनी सांगितलेले सगळे खरे असेल आणि तरीही त्या प्लॉटवर आपल्याला घर बांधता येणार नाही, असे होऊ शकते. जमीन महसूल संहितेत ४२-ब आणि ४२-ड ही कलमे आल्यापासून, अंतिम विकास आराखड्यातील रहिवासी विभागातल्या किंवा गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील विकासयोग्य विभागातल्या जमिनीला स्वतंत्र बिनशेती परवानगी लागत नाही. शासनाची देय रक्कम भरली की काम भागते. तेव्हा आपली जागा खरोखरच अशा विभागात आहे का, हे झोन दाखला आणि भाग नकाशा काढून आधी पाहावे. एजंटांच्या मोबाइलवरचा नकाशा त्यासाठी चालत नाही.

मात्र बिनशेती आणि बांधकाम परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बांधकाम परवानगी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली नियोजन प्राधिकरण देते. हद्दीबाहेरच्या आपल्या जागेसाठी ते नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण होय. तिथे पहिला प्रश्न विचारला जातो तो हा, की आपला प्लॉट कोणत्या मंजूर अभिन्यासातला, म्हणजे लेआउटमधला आहे. याचे उत्तर नसेल, तर आपल्या हातात सातबाऱ्यावरचे नाव आणि ०.०२.०२ हेक्टर-आर एवढे क्षेत्र राहते. चतुःसीमा राहत नाही. अनेक व्यवहारांत तर आठ-दहा खरेदीदारांच्या नावे एकच सामाईक खरेदीखत केले जाते. असे झाले की आपला हिस्सा अविभक्त राहतो, आणि कोपऱ्यात रोवलेल्या पांढऱ्या चुन्याच्या दगडांना कायद्याच्या दृष्टीने काही किंमत नसते. तुकडेबंदीचे, म्हणजे जमिनीचे फार लहान तुकडे करून विकण्यावरचे, निर्बंध अलीकडे सैल झाले आहेत हे खरे. पण व्यवहार नोंदला गेला म्हणजे प्लॉट मंजूर झाला असे होत नाही.

अभिन्यास मंजूर आहे की नाही, याचा अंदाज आपल्याला कागद न पाहताही घेता येतो. एकर म्हणजे ४० गुंठे. २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेल्या राज्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या अभिन्यासात १० टक्के खुली जागा सोडावी लागते. एकर ४,०४७ चौरस मीटरचा, म्हणजे तो या नियमात बसतो आणि चार गुंठे तिथेच जातात. चौरस एकराची बाजू साधारण ६४ मीटर धरली आणि मधून ९ मीटर रुंदीचा एकच अंतर्गत रस्ता नेला, तर त्यात आणखी पावणेसहा गुंठे जातात. उरले तीस. दोन गुंठ्यांचे फार तर पंधरा प्लॉट पडतील, आणि तेही जमीन अगदी सरळ चौकोनी असेल तर. ज्या एकरात वीस प्लॉट विकले गेले आहेत, तिथे खुली जागा आणि रस्ता हे दोन्ही कागदावरच आहेत किंवा शेजाऱ्याच्या बांधावर आहेत असे समजावे. एका माहितीपत्रकात जिथे हिरवीगार बाग छापली होती, तिथे गट नकाशात ओहोळाची रेघ होती, हे मी स्वतः पाहिले आहे.

‘पुढे गुंठेवारीत नियमित होईल’ हे आश्वासनही आपल्याला दिले जाईल. गुंठेवारी, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्यांनी पाडलेले प्लॉट, नियमित करणारा अधिनियम २००१ चा. त्यातील मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली गेली. त्यानंतर पाडलेल्या प्लॉटला आज त्याचा आधार नाही, आणि मुदत पुन्हा वाढेल या भरवशावर निवृत्तीचे पैसे गुंतवू नयेत.

मंजूर अभिन्यासाची प्रत, त्यावरचा मंजुरी क्रमांक आणि ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्रकल्पासाठी महारेराची (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची) नोंदणी, एवढे मागा. कागद मिळाले तर दर वाढेल, कारण सोडलेल्या रस्त्याची आणि खुल्या जागेची किंमत त्या दरात असते. स्वस्त प्लॉटमध्ये तीच वगळलेली असते. जुन्या शिवाराचे उपनगर झाले की आधी कमी पडतो तो रस्ता. घंटागाडी आणि अग्निशमनचा बंब आत येत नाही, तेव्हा हे सगळ्यांच्या लक्षात येते.

प्रश्न : नासर्डी नदीलगतच्या एका सोसायटीत तळमजल्यावरचा फ्लॅट स्वस्तात मिळतो आहे. इमारत निळ्या पूररेषेच्या बाहेर, पण लाल रेषेच्या आत आहे. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, असे विक्रेत्याने सांगितले. मग चिंता कशाची? — एक वाचक, इंदिरानगर

‘२५ वर्षांतून एकदा’ या शब्दांनी पुष्कळ लोक फसतात. पूर एकदा येऊन गेला की पुढची २५ वर्षे निर्धास्त, असा त्याचा अर्थ नाही. निळ्या रेषेपर्यंतचा किंवा त्याहून मोठा पूर येण्याची शक्यता दर वर्षी २५ मध्ये १, आणि लाल रेषेपर्यंतचा येण्याची १०० मध्ये १, असा त्याचा अर्थ आहे. आपण वीस वर्षांचे गृहकर्ज घेणार असाल, तर त्या काळात निळ्या रेषेपर्यंत पाणी निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के आणि लाल रेषेपर्यंत येण्याची सुमारे १८ टक्के निघते. आपला फ्लॅट या दोन रेषांच्या मध्ये आहे. तो जितका निळ्या रेषेजवळ, तितकी शक्यता पहिल्या आकड्याकडे झुकेल.

जुने नाशिककर पूर मोजतात तो गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून. कमरेला पाणी लागले, छातीला लागले, असे बोलले जाते आणि त्यावरून सराफ बाजार आवराआवर करतो. नासर्डीच्या काठी मात्र हा मारुती उपयोगाचा नाही, कारण ती गोदावरीला खाली टाकळीजवळ मिळते. गोदावरी तुडुंब असेल तर नासर्डीचे पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगते. १९ सप्टेंबर २००८ च्या महापुराची आठवण असलेल्या शेजाऱ्यांना विचारा, की त्या दिवशी पाणी कोणत्या पायरीपर्यंत होते. भिंतीवरची खूण बहुधा अजून कोणीतरी दाखवील.

दोन रेषांमधल्या पट्ट्यात बांधकामाला सरसकट बंदी नाही. जोत्याची पातळी पुराच्या पातळीच्या वर ठेवण्यासारख्या अटी असतात. म्हणून मंजूर नकाशात तळमजल्यावर पार्किंग दाखवले आहे का, हे आवर्जून पाहा. पार्किंग भिंती घालून बंद करून त्याचा फ्लॅट केला असेल, तर पुराची वाट पाहण्याची गरज नाही. तो व्यवहार आजच नाकारण्याजोगा आहे. भोगवटा दाखल्यात (इमारत वापरण्याच्या परवान्यात) त्या फ्लॅटचा क्रमांक नसेल, तरीही तेच.

प्रश्न : मखमलाबाद शिवारात आमच्या वडिलोपार्जित जमिनीवर १९९३ च्या आराखड्यापासून क्रीडांगणाचे आरक्षण आहे. २०१७ च्या सुधारित आराखड्यातही ते कायम राहिले. ना पैसे मिळाले, ना जमीन मोकळी झाली. कलम १२७ ची नोटीस आता देता येईल का? — एक शेतकरी कुटुंब

आपली तक्रार रास्त आहे, पण उत्तर आपल्याला आवडणार नाही. नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली गेली नाही, तर मालकाला मालकीच्या कागदांसह नोटीस देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्यासाठी पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. ‘पावले’ म्हणजे नुसता ठराव करणे नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केले. मात्र जुन्या आराखड्याची दहा वर्षे भरूनही आपण सुधारित आराखडा येण्यापूर्वी नोटीस दिली नसेल, तर दहा वर्षे नव्याने मोजावी लागतात, असे त्याच न्यायालयाने प्रफुल्ल दवे प्रकरणात म्हटले आहे. म्हणजे आपली दहा वर्षे २०२७ मध्ये भरतात. वडिलांनी २००३ ते २०१७ या काळात कधी नोटीस दिली होती का, हे घरातली जुनी कागदपत्रे काढून नक्की पाहा. तशी पोच सापडली तर सगळे चित्र बदलते.

तोवर थांबायचे नसेल, तर कलम १२६ खाली रोख मोबदल्याऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, घेता येतो. गावठाणाबाहेरील जागेला तो साधारणपणे क्षेत्राच्या दुप्पट मिळतो, पण त्याचा बाजारभाव चढउतार करतो आणि जमीन एकदा दिली की परत येत नाही. भावाबहिणींची वारसनोंद अपुरी असेल तर आधी ती पूर्ण करून घ्या. अशी बहुतेक प्रकरणे महापालिकेत अडण्याआधी घरातच अडलेली असतात.

प्रश्न : आमच्या कॉलनीच्या खुल्या जागेवर काही सभासदांना लग्नाचा हॉल बांधायचा आहे. उत्पन्न होईल असे ते म्हणतात. — एक वाचक, पाथर्डी फाटा

बांधता येणार नाही. ती जागा अभिन्यासातल्या सर्व प्लॉटधारकांच्या उपयोगासाठी सोडलेली आहे. तिच्या लहानशा भागात मनोरंजनाला किंवा व्यायामाला पूरक असे मर्यादित बांधकाम परवानगी घेऊन करता येते, भाड्याने द्यायचा हॉल त्यात बसत नाही. मंजूर अभिन्यासाची प्रमाणित प्रत नगररचना विभागातून काढून पुढच्या सभेत टेबलावर ठेवा.