सशाची जोडी आणि यावलचा उन्हाळा

प्रश्न : गच्चीवर पत्र्याखाली सोव्हिएत चिंचिला जातीच्या सशांची जोडी आहे. पिंजरा सगळा तारेचा. नराच्या मागच्या तळव्यांना जखमा झाल्यात, आणि मे महिन्यात दोनदा लावूनही मादी गाभण राहिली नाही. – एक वाचक, यावल

उत्तर : भाऊ, आधी जोडी गच्चीवरून खाली आणा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४ वर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. ३० अंशांच्या वरच ससा धापा टाकू लागतो आणि नराचं बीज कमजोर होतं. ऊन उतरलं तरी ते सावरायला दीड-दोन महिने लागतात. म्हणजे मादीत खोट असेलच असं नाही. निंबाखाली, उत्तरेच्या भिंतीला पिंजरा लावा, दुपारी गोणपाट ओलं करून सोडा. वारा मात्र अडवू नका.

चार-साडेचार किलोचं जनावर नुसत्या तारेवर बसलं की तळवा सोलणारच. निम्म्या भागात गुळगुळीत लाकडी फळी टाका, ओली झाली की बदला. जखम चिघळली असेल तर पशुवैद्यांना दाखवा. घरचं मलम नको.

आता जोडी लावा थंडीतच. मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं. नर तिच्याकडे नेला तर ती चावते. साधारण ३१ दिवसांनी विते. २८व्या दिवशी सुकं गवत घालून खोकं ठेवा, मग ती पोटाचे केस उपटून त्यात घालते. पिलांजवळ दिवसभर बसली नाही म्हणून घाबरू नका, ती बहुधा दिवसातून एकदाच पाजते. पोटं गोल दिसली की झालं.